गुटी टॅरेंटुलाची जागा उघड करायची की नाही?

रानवेडा: आंध्रातल्या निळ्या कोळ्याचे, गुटी टॅरेंटुलाचे फोटो लोक झाडाच्या नकाशावरच्या पिनसकट टाकतायत, हे थांबायला हवं. हा कोळी मुख्यतः नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलातूनच माहीत आहे, तेही १०० चौरस किमीपेक्षा कमी जागेत. २००८ पासून आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत नष्ट होण्याच्या अगदी काठावर. परदेशात हौशी लोक पाळतात, उद्या कोणी पिन बघून डबा घेऊन पोचलं तर?

माधुरी_क: नाही पटत. १८९९ मध्ये पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने याचं वर्णन केलं ते आंध्रातल्या गुटी गावच्या रेल्वे लाकूड डेपोत सापडलेल्या कोळ्यावरून, म्हणजे बहुतेक लाकडातून आलेला, नाव मात्र गुटीचं पडलं. नंतर १०२ वर्षं कोणाला दिसलाच नाही, थेट २००१ मध्ये. एवढी वर्षं पत्ता गुप्तच होता ना, मग लाकूडतोड थांबली का? माहीतच नसेल तर वाचवणार कोण?

बाभूळ: माधुरीताईंशी सहमत, शिवाय परदेशात त्याची भरपूर पैदास होते, मग जंगलातून कोण कशाला उचलेल?

रानवेडा: अहो पण त्या पैदाशीतली पहिली जोडी आली कुठून? जंगलातूनच ना. २०१९ मध्ये हा कोळी ज्यात मोडतो तो सगळा वंश साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात घेतला, आता परवान्याशिवाय सीमेपार नेता येत नाही, ते काय उगाच? आणि काचेच्या पेटीत हजार पिल्लं झाली म्हणून जुनी ढोली परत येते का?

टॉर्चवाला: ढोलीचं मी सांगतो. असे कोळी शोधायचे तर रात्री जुन्या झाडाच्या भेगेच्या तोंडाशी पांढरट जाळ्याचं अस्तर बघायचं, नशीब असेल तर आत पाय दिसतात, याचे तर निळेशार आणि त्यावर पिवळे ठिपके, आणि गंमत म्हणजे तो निळा रंग नाहीच, केसांच्या बारीक रचनेवर प्रकाश पडून तसं दिसतं. पण मादी दहा-बारा वर्षं जगते, हात घालून तिला ओढून काढायला दोन मिनिटं पुरतात. पिन नकोच.

माधुरी_क: बरं, झाडाची पिन नको, मान्य. पण नंद्यालचं नाव लपवायला माझा विरोधच राहील, सरपणासाठी तिथली झाडं तुटतात त्याबद्दल मग ओरडणार कुठल्या तोंडाने?

रानवेडा: नाव घ्या की, कोण नको म्हणतंय. फोटो टाकायच्या आधी त्यातलं लोकेशन तेवढं काढा, आजच्या तीन पोस्टमध्ये ते तसंच आहे.