मुलगा पायलट आहे, युनियनच्या कमिटीत जाऊ द्यावं का?

वडगावचे बाबा: आमचा मुलगा एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे. गणपतीला चार दिवस घरी होता, त्यातले दोन झोपून काढले. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "बाबा, मला कमिटीत घेणार हायत." माझ्या पोटात गोळाच आला. उद्यमबागेत एका फाउंड्रीत मी 23 वर्षं सुपरवायझर होतो. युनियनवाला म्हणजे साच्यावर हात कमी आणि गेटवर तोंड जास्त, असाच माझा अनुभव. त्यात कंपनीतल्या एका साहेबानं ह्याला चहाला बोलावून सांगितलंय, "तुझं कॅप्टनचं जवळ आलंय, कशाला ह्या भानगडीत पडतोस?" कमिटीचा पगार नाही, उलट सुट्टीत दुसऱ्यांचे फोन. मग ही पोरं करतात तरी कशासाठी? आणि साहेब सांगतोय ते ह्याच्या भल्याचं की स्वतःच्या? ह्या लाइनीतलं कोण असेल तर सांगा की.

खानापूरचा कॅप्टन: काका, मी दोन वर्षं कमिटीत होतो. झालेला करार पुढं कोण भोगणार, तेवढं बघा. आमच्यात सीनियॉरिटी नंबर असतो, बढती त्यावर ठरते, आणि कंपनी बदलली की बहुतेक ठिकाणी तो तळापासून. म्हणून पायलट सहजी हलत नाही. वरचा साहेब मात्र कमी माणसांत जास्त उड्डाणं करून दाखवतो आणि तेवढ्या भांडवलावर दुसरीकडं जातो. वाईट नसतो ओ तो, त्याचं माप वेगळं असतं. आमचा चीफ पायलट एकदा पहाटे माझ्याबरोबर उडाला. उतरल्यावर म्हणाला, "हा रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) कुणी केला रे?" दुपारी मीटिंगमध्ये त्याच रोस्टरची बाजू घेऊन बसला होता!

मी का गेलो? सलग तिसऱ्या रात्री चेकलिस्टची एक ओळ दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा डोक्यात शिरली नाही. थकव्याचा रिपोर्ट भरला तर ऑफिसातून फोन, "घरी लग्नबिग्न होतं काय?" त्याच संध्याकाळी कमिटीला नाव दिलं.

आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 आणि रात्रीची लँडिंग 6 वरून 2, हे डीजीसीएनं, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकानं, जानेवारी 2024 मध्येच जाहीर केलं होतं. कंपन्यांनी हरकत घेतली, ते लांबलं. पायलटांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या, तेव्हा कुठं जुलै आणि नोव्हेंबर 2025 असे दोन टप्पे ठरले. असल्या भांडणाचे कागद ऑफच्या दिवशी जमवणारी माणसं पगारी नसतात.

निपाणीकर: कॅप्टनसाहेब, संघटनेला एवढं सोवळं नेसवू नका. 2012 चा एअर इंडियाचा संप आठवा, 58 दिवस. भांडण होतं ड्रीमलायनर ह्या नव्या विमानाच्या ट्रेनिंगला, एअर इंडियात विलीन झालेल्या जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांना घ्यायचं की नाही ह्यावर. म्हणजे पायलट विरुद्ध पायलटच की! शंभराच्या आसपास लोकांच्या नोकऱ्या गेल्या. नंबर सांभाळणं हा पण स्वार्थच.

खानापूरचा कॅप्टन: खरं आहे. स्वार्थ आहेच. फक्त त्याच विमानात आम्हीही बसलेले असतो.

वडगावचे बाबा: काल फोनवर विचारलं, थकव्याचा रिपोर्ट कधी भरलास काय? तीन भरलेत म्हणाला. घरी कुणाला पत्ता नाही. त्याच्या आईनं बाजूला बसून ऐकलं, तेव्हापासून ती माझ्याशीच बोलेना झालीय, मी नको म्हणत होतो म्हणून. रविवारी सांबऱ्याला, आमच्या बेळगावच्या विमानतळावर, उतरतोय. आधी झोपू दे, मग विचारतो, चहाला बोलावलेला साहेब स्वतः शेवटचा कधी उडाला होता.