सीमा ओलांडणारा कोयता

स.न.वि.वि.

आपल्या बहारीनमधील मंडळाच्या मदतनिधीतून बेळगाव जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांना ब्लँकेटे वाटावीत, असा प्रस्ताव गेल्या बैठकीत आला. माझा त्याला विरोध नाही. मात्र मी निपाणीचा असल्यामुळे दोन गोष्टी मांडणे आवश्यक वाटते.

दसरा-दिवाळीनंतर बीडकडच्या टोळ्या चिकोडी, अथणी, हुक्केरी, गोकाक भागातील फडांत उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्याने मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, आधीच उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली. महाराष्ट्रात तोडणीचा दर कामगार संघटना आणि राज्य सहकारी साखर कारखाना संघ यांच्या करारातून ठरतो; जानेवारी 2024 मध्ये तो 34 टक्क्यांनी वाढून टनाला 273 वरून 366 रुपये झाला. कर्नाटकातील कारखाने त्या करारात नाहीत. कधी कर्नाटकात दर जास्तही मिळतो, हे खरे. परंतु कमी मिळाला तर दाद मागण्यासाठी मजुराच्या हाती कागद नसतो.

1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात कागदाची सोय होती. ठेकेदाराने प्रत्येकाला छायाचित्रासह पासबुक द्यावे आणि त्यातील नोंदी कामगाराच्या भाषेतही असाव्यात, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. मी फडात वाढलो नाही, पण फडाशेजारी वाढलो, आणि असे पासबुक कधी पाहिले नाही.

निपाणीच्या तंबाखू वखारींतील बायका 1980 च्या सुमारास संघटित झाल्या, तेव्हा त्या तिथेच राहणाऱ्या होत्या. संध्याकाळी सभेला येऊ शकत होत्या. ऊसतोड मजूर चार-पाच महिन्यांत परततो. त्याचे कर्ज बीडमध्ये आणि त्याची फसवणूक झाली तर ती बेळगावात, त्यामुळे एका बाजूची संघटना त्याला पुरत नाही. 2009 मध्ये श्रीलंकेतील कामगार संघटनांनी आपल्या या बहारीनमधील, तसेच कुवेत आणि जॉर्डनमधील संघटनांशी परस्पर सहकार्याचे करार केले. दोन देशांत जे कागदावर येऊ शकले, ते बीड आणि बेळगाव यांच्यात का येऊ नये? दोन्हीकडच्या संघटनांना एकत्र बसवण्यासाठी पहिल्या बैठकीचा प्रवासखर्च मंडळाने द्यावा, असे मी सुचवतो.

आपला,
निपाणीचा सभासद, मनामा

---

विषय: उत्तर – सीमा ओलांडणारा कोयता

स.न.वि.वि.

मी अथणीचा. सूचना पटली, परंतु दोन अडचणी सांगतो.

पहिली मुकादमाची. तो बहुधा टोळीच्याच गावचा, अनेकदा नात्यातला असतो. मुलीच्या लग्नाला उचल देणाराही तोच आणि खाड्याचे पैसे कापणाराही तोच. त्याला वगळून फडात शिरू पाहणाऱ्या संघटनेशी मजूर बोलणारच नाही. म्हणून बोलणी हंगाम सुरू होण्यापूर्वी, उचल घेतली जाते त्या गावात व्हायला हवीत, आणि तिथे बीडची संघटना पुढे असावी.

दुसरी अडचण भाषेची. कर्नाटकातील कामगार खात्याचा व्यवहार कन्नडमध्ये चालतो आणि तोडणीवाल्यास ते वाचता येत नाही. दोन्ही भाषा वाचणारे आपल्या भागात घरोघरी आहेत. सीमाप्रश्नावर आपण इतकी वर्षे ठराव करतो, पण या दुभाषेपणाचा हा उपयोग कुणाला सुचला नाही. अर्ज लिहून देणारे चार तरुण मिळाले, तरी बेळगावच्या संघटनेचे बरेच काम हलके होईल.

कायद्याविषयी एक दुरुस्ती. नोव्हेंबर 2025 पासून 1979 च्या कायद्याची जागा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. पूर्वी पाच स्थलांतरित कामगार असले तरी कायदा लागू होत असे, आता ती संख्या दहा झाली आहे, आणि विस्थापन भत्ता राहिलेला नाही. त्यामुळे दर, वजनाची पावती आणि उचलीचा हिशेब हे तिन्ही मुद्दे संघटनांनी कराराद्वारेच मिळवावे लागतील.

प्रवासखर्चास माझी संमती आहे. ब्लँकेटेही पाठवावीत, जानेवारीत अथणीच्या उघड्या रानातील कोपीत (झोपडीत) पहाटे काय थंडी असते, ते मला ठाऊक आहे.

आपला,
अथणीचा सभासद, मुहर्रक