चिकाचा हलवा बसत नाहीये, सोमवारच्या आत मदत हवी आहे

खाडीकिनारा | गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

काल गव्हाच्या चिकाचा हलवा केला. दोन तास हात न थांबवता ढवळला. परातीत ओतून २४ तास होत आले, अजून पळीवाढा आहे. वडी सोडा, चमच्यातून गळतोय. सोमवारी दिवेलागणीच्या आत वड्या पडलेल्या हव्यात, मावशी रविवारी उतरतेय. परत आटवू की टाकून देऊ? ज्यांनी स्वतः केलाय त्यांनीच सांगा. व्हिडिओच्या लिंका नकोत, सगळे बघून झालेत.

मटण, पुऱ्यांचं सारण वगैरे जमेल. हे एकच अडलंय.

सहज_विचारलं | रात्री ९:५२

सोमवारी घटस्थापना ना? घटाला हलवा करतात तुमच्यात? आणि मटण?? पुरीला सारण कसलं ते पण कळलं नाही.

रव्याचा_लाडू | रात्री ९:५८

तूप कमी पडलंय, दुसरं काही नाही. वाटीभर साजूक तूप आणि अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्क घालून पुन्हा गॅसवर ठेवा. कडा सुटल्या की उतरवा. माझा कधीच फसत नाही.

खाडीकिनारा | रात्री १०:०३

तूप चालत नाही. दूधही नाही. नारळाच्या दुधातला आहे.

रव्याचा_लाडू | रात्री १०:०५

वीगन आहात का? मग मटण कसं?

खाडीकिनारा | रात्री १०:१४

बरं, लिहायचं राहिलं. आम्ही बेने इस्रायल, ज्यू. सोमवारी संध्याकाळी रोश हाशाना लागतोय, आजी त्याला नव्याचा सण म्हणायची. नवं वर्ष. मटणाच्या जेवणात दूध, दही, लोणी, तूप काहीच येत नाही, म्हणून गोडाला नारळाचं दूध. आणि आमच्याकडे पुरी म्हणजे तुमची करंजी. ती किप्पूरचा उपास सोडताना लागते, आत्ता नको आहे.

आता हलव्यावर बोला कोणीतरी.

नेत्रा_डोंबिवली | रात्री १०:२०

शुभेच्छा! कॉर्नफ्लोरचा बॉम्बे हलवा करा, पंधरा मिनिटांत होतो. तुपाऐवजी तेल. कोणाला कळणारही नाही.

खाडीकिनारा | रात्री १०:२२

मावशीला कळेल.

कॅटरर_काका | रात्री १०:४१

ताई, कृती न सांगता औषध कसं देणार? चीक घरचा की विकतचा? गहू किती, किती दिवस भिजवले? चीक बसल्यावर वरचं पाणी पूर्ण ओतून दिलं का? नारळाचं दूध डब्यातलं की काढलेलं? साखर कधी घातली?

खाडीकिनारा | रात्री ११:०२

चीक घरचा. गहू १ किलो, तीन दिवस भिजवले. नारळ पाच, घरी वाटून पिळले. साखर अंदाजाने. आजीच्या वहीत एवढंच आहे: "गहू १ शेर, नारळ ५, साखर बेतानं, हात थांबवू नये." खाली हळदीचा डाग. मम्मीला विचारलं तर म्हणते, "अगं, झालं की दिसतं." तिचा खांदा आखडलाय, या वर्षी ढवळायला मी एकटीच. दर वर्षी एक बाई ऑर्डर घ्यायच्या, त्या मुलाकडे गेल्या.

मुद्देसूद | रात्री ११:१०

१ शेर म्हणजे १ किलो कुठून आलं? पक्का शेर ८० तोळ्यांचा, साधारण ९३३ ग्रॅम. मुंबईचा जुना शेर त्याहून खूप लहान, २८ तोळ्यांच्या आसपास, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅम. आणि धान्य वजनावर नाही, मापाने मोजत. वही कोणत्या सालची, कोणत्या गावची?

कुरडईवाली | रात्री ११:१६

आमच्याकडे अजून शेर आहे फडताळात, पितळी. चार शेरांची पायली. ताई, शेराचं सोडा. पाणी रोज बदललंत का?

खाडीकिनारा | रात्री ११:२१

पहिल्या दिवशी बदललं. नंतर ऑफिस होतं.

कुरडईवाली | रात्री ११:२५

मग आंबलाय. कुरडईला थोडा आंबूस वास लागतोच, मजा त्यातच असते. पण कुरडया आम्ही एप्रिलच्या उन्हात करतो. भाद्रपदाच्या दमट हवेत तीन दिवस म्हणजे जरा जास्तच. चव बघा बरं.

रव्याचा_लाडू | रात्री ११:३१

थोडा आंबटपणा साखरेत झाकला जातो. घाबरू नका.

कॅटरर_काका | रात्री ११:३८

चव झाकली जाते हो, पण पोत जातो. आंबट चीक खूप वेळ उकळला की धरलेला घट्टपणा सोडतो, खळीसारखा पातळ होतो. जितका आटवाल तितका बिघडेल. दोन तास ढवळूनही पळीवाढा, त्याचं हे एक कारण असू शकतं. वरच्या पाण्याचं उत्तर अजून दिलं नाहीत.

भटक्या७१ | रात्री ११:५५

मी ठाण्याचाच. टेंभी नाक्याजवळचं तुमचं प्रार्थनास्थळ १८७९ चं ना? आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव मुळात ज्यूंच्या जुन्या 'मशिदी'वरून पडलं असं म्हणतात, सॅम्युएल स्ट्रीटवरची, १७९६ ची. सात जोडपी नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागली, तीही कथा प्रसिद्ध आहे. अलिबागला गेलात तर इस्रायल आळी जरूर बघा.

खाडीकिनारा | शुक्रवार, १९ सप्टेंबर, सकाळी ७:१०

भटक्या, माझं आजोळ इस्रायल आळीत होतं. हलवा!!

काका, वरचं पाणी अर्धंच ओतलं. चीक वाहून जाईल अशी भीती वाटली. चाखला, जिभेच्या कडेला आंबट लागतो. आणि मध्येमध्ये दोऱ्यासारखं काहीतरी येतंय.

अश्दोद_ते_अलिबाग | सकाळी ११:०५

दोऱ्यासारखं म्हणजे चायना ग्रास (अगर-अगर)! घातलंस हे लिहिलंच नाहीस. कसं घातलंस?

खाडीकिनारा | सकाळी ११:१२

घालतातच ना, म्हणून नाही लिहिलं. भिजवून, पिळून, शेवटी हलव्यात टाकलं. उकळत होता तेव्हाच.

अश्दोद_ते_अलिबाग | सकाळी ११:४०

हेच तर. मी पण पहिल्या वर्षी हेच केलं होतं, सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत.

चायना ग्रास घट्ट, साखर घातलेल्या हलव्यात विरघळत नाही. त्याला मोकळं पाणी लागतं. १० ग्रॅमची पुडी कापून अर्धा तास भिजव. मग दीड वाटी पाण्यात वेगळ्या पातेल्यात खळखळ उकळ. चमचा वर काढून उजेडात धर, एकही दोरा दिसता कामा नये. तेव्हाच हलव्यात ओत, आणि त्यानंतर पाचेक मिनिटंच आच.

माझं माप: १ वाटी घट्ट चीक (दह्याच्या चक्क्यासारखा, बोट फिरवलं की रेघ राहायला हवी), ४ वाट्या नारळाचं दाट-मध्यम दूध, दीड वाटी साखर, चिमूट मीठ, वेलची-जायफळ, गुलाबी रंग दोन थेंब. चीक आधी थंड दुधात कालवून गाळून घे, मग गॅसवर. साखर चीक पारदर्शक दिसायला लागल्यावर, आधी नाही. कडेला खोबरेल सुटलं आणि कालथ्यावरून सलग पडदा पडला की झालं. वरून बदाम-पिस्त्याचे काप.

आता इथून सूर्यास्तापर्यंत आहे, मग एकदम उद्या रात्री.

कॅटरर_काका | दुपारी १२:०५

बरोबर. ताई, सगळी परात गरम करू नका. वाटीभर घ्या, दोरे गाळून टाका, चमचाभर चायना ग्रास नीट विरघळवून घाला, बशीत ओता. तासाभरात कळेल.

खाडीकिनारा | दुपारी ३:३०

बसला! वडी पडली. पण आंबटच. मम्मीने जिभेला लावला आणि काही न बोलता बशी परत दिली. म्हणजे टाकायचा. पाच नारळ गेले.

आता नव्याने गहू भिजवले तर सोमवारपर्यंत होईल?

रव्याचा_लाडू | दुपारी ३:४१

होईल की. आज भिजवा, उद्या निवांत शनिवार आहे, वाटून करून टाका.

खाडीकिनारा | दुपारी ३:४४

शनिवारी कसा करणार?

रव्याचा_लाडू | दुपारी ३:४५

सुट्टी नसते का शनिवारी?

अश्दोद_ते_अलिबाग | दुपारी ३:५८

शब्बाथ हो. आज सूर्यास्तापासून उद्या रात्रीपर्यंत स्वयंपाक नाही.

हे बघ, आत्ता लगेच भिजव, अर्धा किलोच. सूर्यास्ताआधी एकदा पाणी बदल आणि पातेलं सरळ फ्रिजमध्ये ठेव. आंबणार नाही, हातही लावायला नको. उद्या रात्री पाणी बदलून बाहेर काढ. रविवारी दुपारी वाट, सुती फडक्यातून पीळ, रात्रभर बसू दे. सोमवारी पहाटे वरचं पाणी सगळं ओत. सगळं! चीक तळाला सिमेंटसारखा बसतो, वाहून जात नाही. दहापर्यंत परातीत.

खाडीकिनारा | दुपारी ४:०२

भिजवले.

सहज_विचारलं | शनिवार, २० सप्टेंबर, सकाळी १०:१५

धागाकर्ती कुठे गेल्या? झाला का हलवा?

भटक्या७१ | सकाळी १०:३०

शनिवार आहे, येणार नाहीत. कोकणात यांना 'शनिवार तेली' म्हणत. तेलाचे घाणे होते आणि शनिवारी घाणा बंद.

मुद्देसूद | सकाळी १०:५२

मग वही रायगडातली असणार. म्हणजे शेर मापी. अर्धा किलो सुचवलं आहे त्याला आधार काय?

कुरडईवाली | सकाळी ११:०६

चाळीस वर्षं चीक काढतेय, तो आधार. गव्हाची जात विचारा त्यापेक्षा. खपली असेल तर वेगळं, लोकवन असेल तर वेगळं.

मुद्देसूद | सकाळी ११:०९

जातीचा आणि मापाचा संबंध नाही.

कुरडईवाली | सकाळी ११:११

वाटून बघा एकदा, मग सांगा.

नेत्रा_डोंबिवली | दुपारी १:२०

मी ऐकलंय की सफरचंद मधात बुडवून खातात. आमच्या ऑफिसच्या पॉटलकला करून नेऊ का? मध कोणता चांगला?

अश्दोद_ते_अलिबाग | रात्री ९:४५

शब्बाथ संपला. नेत्रा, कोणताही चालेल. आमच्या ताटात सफरचंद-मध आहेच, शिवाय खजूर, डाळिंब, लाल भोपळा, चवळी आणि डोकं. प्रत्येकावर एकेक आशीर्वाद. नव्या वर्षी शेपूट नको, डोकं होऊ दे, असा त्या शेवटच्याचा अर्थ. आमच्या घरी बोकडाचं डोकं.

खाडीकिनारा | रात्री १०:१०

आमच्याकडे रावसाचं. बोकडाचं डोकं साफ कोण करणार? पाणी बदललं. वास ताजा आहे.

अश्दोद_ते_अलिबाग | रात्री १०:१४

माशाचं डोकं म्हणजे पळवाट. तुझ्या आजीने बोकडाचंच ठेवलं असणार, मावशीला विचार.

खाडीकिनारा | रात्री १०:१६

आजीकडे आळीत रोज ताजी मासळी यायची, तिने मासाच ठेवला. वाद नको, झोपते.

सहज_विचारलं | रविवार, २१ सप्टेंबर, दुपारी ४:०५

मी पण ठाण्यातच. २ ऑक्टोबरला दसरा, सोनं द्यायला आणि हलवा चाखायला येऊ का? 😊

खाडीकिनारा | रात्री ८:५०

यायला हरकत नाही, पण २ तारखेला नको. यंदा त्याच दिवशी किप्पूर. आदल्या संध्याकाळपासून साधारण २५ तास पाण्याचा थेंब नाही. आजी त्याला दारफाळणीचा सण म्हणायची, दार लावून सगळे घरात, पांढऱ्या कपड्यात. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी घरं उघडतात, भेटीगाठी, दानधर्म. ३ तारखेला या, पुऱ्या उरलेल्या असतील. करंज्या हो, करंज्या.

चीक गाळून ठेवलाय. मावशी आली, पहिलं वाक्य: "गहू कुठले?"

कुरडईवाली | रात्री ८:५८

मुद्देसूद, वाचलंत ना?

खाडीकिनारा | सोमवार, २२ सप्टेंबर, दुपारी १२:३५

वरचं पाणी सगळं ओतलं. तळाला खरंच सिमेंट, चमच्याने खरवडून काढावं लागलं. पावणेदोन वाट्या भरला, सात वाट्या दूध घातलं. चायना ग्रासच्या दोन पुड्या वेगळ्या उकळून, चमचा खिडकीशी धरून तपासल्या. सव्वा तास लागला. शेवटची वीस मिनिटं मावशीने कालथा हातातून काढून घेतला. कढईच्या कडेला तेलाची बारीक रेघ आली तेव्हा मम्मी आतूनच ओरडली, "आता उतरव!" वासावरून कळलं तिला.

बसलाय. शंकरपाळ्यासारख्या कापल्या. एका कोपऱ्याची वडी परातीला चिकटली, ती मी उभ्याने खाल्ली. आंबट नाही. रंग जरा जास्त झालाय, मावशी म्हणते नाटकवाल्यांचा वाटतो.

काका, कुरडईवाली ताई, अश्दोदवाली, आभार. आणखी एक शुक्रवारसाठी: चौथ्या दिवशी खिरीचा सण, त्या खिरीला नव्या तांदळाऐवजी गहू चालतो का? आजीच्या वहीत ते पान फाटलंय. संध्याकाळी लागतंय, आता बुधवारी रात्री बघेन.

रव्याचा_लाडू | दुपारी १२:५०

अभिनंदन! खिरीत दूध आटवून घाला, मस्त होते.

अश्दोद_ते_अलिबाग | दुपारी १:१५

नारळाचं दूध गं, नारळाचं. तांदूळ नसेल तर गहू चालतो, आमच्याकडे शेवया पण करतात. शाना तोवा सगळ्यांना. पुढच्या वर्षी बोकडाचं डोकं.

मुद्देसूद | दुपारी १:४०

सर्वांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा. फक्त वहीतला शेर मापी की वजनी, ते राहिलंच. फाटलेल्या पानाच्या मागच्या बाजूला काही मापं लिहिली आहेत का, जमल्यास फोटो टाका.