मदत हवी आहे: गाडीत राहिलेला फोन चालूच होत नाही, लवकर सांगा

फणसाची_सावली: काल मालवणला सिंधुदुर्ग किल्ला बघायला गेलो होतो. होडीत पाणी उडेल म्हणून फोन गाडीतच ठेवला. तीन तासांनी आलो तर हातात धरवत नव्हता इतका तापलेला. तेव्हापासून चालू होत नाही. काय करू? उद्या कामावर जायचंय.

किनारा७: कुठला फोन? गाडीत नक्की कुठे होता? चार्जिंगला लावून बघितलात का?

वेळणेश्वरकर: तांदळाच्या डब्यात चोवीस तास पुरून ठेवा. माझा तारकर्लीला समुद्रात पडला होता, तरी वाचला.

किनारा७: अहो, त्यांचा भिजलेला नाही, तापलेला आहे.

देवगड_हापूस: फ्रीजमध्ये पंधरा मिनिटं ठेवा. मी दर मे महिन्यात ठेवतो.

सोल्डरिंग: फ्रीज अजिबात नको. आपल्याकडच्या दमट हवेत गार फोन बाहेर काढला की आत दव धरतं आणि बोर्ड गंजतो. सावलीत ठेवून आपोआप निवू द्यायचा.

देवगड_हापूस: मला आजवर काही झालेलं नाही.

सोल्डरिंग: तुमचं नशीब चांगलं. दुसऱ्याला सांगू नका.

फणसाची_सावली: मॉडेलने काय फरक पडतो? अँड्रॉइड आहे, तीन वर्षं जुना. डॅशबोर्डवरच्या स्टँडला होता. रात्री चार्जिंगला लावला, काही झालं नाही. स्क्रीन एका कडेने उचललीय, पण दाबली की बसते.

सोल्डरिंग: दाबू नका! हे पहिल्यांदा सांगायचं होतं. बॅटरी फुगलीय. लिथियम बॅटरी फार तापली की आतलं रसायन बिघडून वायू धरतो, तोच स्क्रीनला वर ढकलतो. बाहेर ३५ अंश असले तरी बंद गाडीत ५० च्या वर जातं आणि उन्हातला काळा डॅशबोर्ड ७० पर्यंत तापतो. बऱ्याच कंपन्या फोन ३५ अंशांपर्यंतच वापरा म्हणतात. आता चार्जर लावू नका, गादीवर किंवा लाकडी कपाटात ठेवू नका.

मालवणी_झील: बाबा रे, आधी तो घराभायर लादयेर ठेव. माझ्या भावान अशीच फुगलेली बॅटरी पिनेन टोचल्यान आणि भडको उडालो. हात भाजलो तेचो.

वेळणेश्वरकर: काच बोटभर उघडी ठेवली असती तर हे झालं नसतं.

किनारा७: त्याने फारसा फरक पडत नाही. ऊन काचेतून आत येतंच.

रविवारची_सहल: मालवण जेटीजवळ सावलीत गाडी लावायला जागा मिळते का? आम्ही पुढच्या आठवड्यात येतोय.

देवगड_हापूस: तीन वर्षं जुना फोन आहे ना? दहा हजारात नवा येतो, कशाला खटाटोप.

फणसाची_सावली: फोन गेला तरी चालेल. त्यात आजोबांनी गणपतीपुढे घातलेलं गाऱ्हाणं रेकॉर्ड केलेलं आहे. आजोबा डिसेंबरमध्ये गेले. घरात दुसऱ्या कोणाकडे त्यांचा आवाज नाही. बॅकअप फक्त फोटोंचा चालू होता. इथला एक दुकानदार म्हणतो, मेमरीची चिप काढून दुसऱ्या फोनला लावतो. देऊ का?

सोल्डरिंग: नका देऊ. आजच्या फोनमध्ये सगळं कुलूपबंद साठवतात आणि त्याची किल्ली त्याच बोर्डावर असते. चिप वेगळी केली की काही वाचता येणार नाही. बोर्ड बहुतेक शाबूत असेल, कारण उन्हात पहिला बळी बॅटरीचाच जातो. जुनी बॅटरी काढून त्याच बोर्डाला नवी लावायला सांगा. फॅक्टरी रीसेट कोणी सुचवलं तर फोन उचलून घरी या, त्याने आतलं सगळं पुसलं जातं. पॅटर्न स्वतः टाका, समोर उभे राहा.

मालवणी_झील: आणि नेताना गाडीत डॅशबोर्डार ठेव नको रे.

फणसाची_सावली: आज कुडाळला नेला. बॅटरी उशीसारखी झाली होती. नवी लावल्यावर चौथ्या प्रयत्नात चालू झाला. स्क्रीनवर पिवळा डाग आहे, खालचा टच गेलाय. गाऱ्हाणं मिळालं. शेवटी सगळ्यांचं "होय म्हाराजा" आहे, तेवढं दुकानातच दोनदा ऐकलं. आता ते भावाच्या फोनमध्ये आणि पेनड्राइव्हवर आहे. सोल्डरिंग, तुमचे उपकार विसरणार नाही. रविवारची_सहल, आम्हाला सावली मिळाली नव्हती.