हायब्रीडचं बी धरावं की नाही?

(बागकामाच्या चर्चेचा धागा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

वाफा

"हायब्रीडचं बी धरू नका, उगवत नाही." बागकाम आणि शेतीच्या गप्पांत हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की कुणी ते तपासूनही पाहत नाही. उगवण्यापुरतं ते साफ चूक आहे. टोमॅटो, मिरची, वांगी, मका यांच्या एफ१ (संकराच्या पहिल्या पिढीच्या) झाडाच्या फळातलं बी नीट पिकलेलं असेल तर इतर कुठल्याही बियाण्यासारखंच उगवतं. प्रश्न आहे तो पुढच्या पिढीत काय येईल याचा, आणि त्याचं उत्तर पिकागणिक बदलतं.

हा घोळ 'हायब्रीड' शब्दाच्या वापरातून आला आहे. जे गावरान नाही ते सगळं हायब्रीड, अशी आपली बोलायची पद्धत. बुटका, भरघोस गहू आला, त्याला हायब्रीड म्हटलं. १९६६ चा आयआर-८ भात आला, त्यालाही हायब्रीड म्हटलं. प्रत्यक्षात हे सरळ वाण आहेत. सुरुवातीला संकर केला हे खरं, पण पुढे बऱ्याच पिढ्या निवड करून ते स्थिर केले. त्यांचं बी वर्षानुवर्षं धरता येतं. एफ१ म्हणजे दोन शुद्ध ओळींच्या (बऱ्याच पिढ्या स्वपरागण करून एकसारख्या केलेल्या वंशांच्या) थेट संकराची पहिली पिढी, बस. जनुकबदल हा तर तिसराच प्रकार. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात बीटी कापूस प्रामुख्याने सरळ वाणांतच आहे, म्हणजे जनुकबदल (जीएम) असूनही तो हायब्रीड नाही. खेचर (घोड्याची ६४ गुणसूत्रं, गाढवाची ६२, खेचराची ६३) हा दोन प्रजातींचा संकर. त्याच्या वंध्यत्वावरून भाजीच्या बियाण्याबद्दल काहीही ठरत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. टोमॅटो, घेवडा, वाटाणा अशा स्वपरागी (स्वतःच्याच परागाने बी धरणाऱ्या) पिकांच्या एफ१ चं बी जरूर धरावं, पुढची पिढी वाढवावी आणि त्यातून आपलं वाण काढावं. पाकिटावर 'हायब्रीड' लिहिलंय एवढ्यावरून बी फेकून देणं म्हणजे चांगलं जनुकधन मातीत घालणं आहे.

कणीस

शब्दांची फोड पटली, सल्ला मुळीच पटला नाही. 'जरूर धरावं' हे वाचून कुणी अख्खं शेत एफ२ वर, म्हणजे एफ१ पासून धरलेल्या बियांच्या पिढीवर, लावलं तर त्याचा हंगाम जाईल.

एफ१ ची सगळी रोपं एकसारखी असतात, कारण प्रत्येक रोपाला दोन्ही आईबापांकडून तोच संच मिळालेला असतो. एफ२ मध्ये तो संच फुटतो. ज्या जनुकात आईबाप वेगळे आहेत, त्या प्रत्येक ठिकाणी एफ२ रोप एफ१ सारखं असण्याची शक्यता निम्मी. असे फक्त १० जनुक धरले तर दहाही ठिकाणी एफ१ सारखं रोप १०२४ मध्ये एक. प्रत्यक्षात फरक दहापेक्षा कितीतरी जास्त जनुकांत असतो.

मक्यात उत्पन्नाचा हिशोबही ठरलेला आहे. आनुवंशिकीतज्ज्ञ सेवल राइटचं सूत्र: एफ२ चं उत्पन्न म्हणजे एफ१ चं उत्पन्न उणे (एफ१ आणि मूळ ओळींच्या सरासरीतला फरक भागिले ओळींची संख्या). समजा मूळ ओळींचं सरासरी उत्पन्न ४० आणि एफ१ चं १००. दोन ओळींच्या संकरात फरक ६०, भागिले २ म्हणजे ३०. एफ२ चं उत्पन्न ७०. खत, पाणी, निंदणी तेवढीच आणि पीक ३० टक्के कमी. शिवाय उंची असमान, तुरे आणि केस मागेपुढे, काढणी एकदम होत नाही.

आणि रोगप्रतिकार? टोमॅटोच्या पाकिटावर व्ही, एफ, एन अशी अक्षरं असतात: व्हर्टिसिलियम मर, फ्युजॅरियम मर, सूत्रकृमी. हे प्रतिकार बहुधा एकेका प्रबळ जनुकावर असतात आणि एफ१ मध्ये तो जनुक अनेकदा एकाच बाजूने आलेला असतो. तसं असेल तर एफ२ मध्ये प्रत्येक प्रतिकार चारांतल्या तीन रोपांत राहतो. तिन्ही एकत्र ६४ पैकी २७ रोपांत, म्हणजे १०० रोपांत साधारण ४२. उरलेल्या ५८ रोपांत किमान एक दार उघडं. जमिनीत सूत्रकृमी असेल तर अशी रोपं वाढतात, फुलतात आणि ऐन फळधारणेत कोमेजतात. तोवर हंगाम संपत आलेला असतो.

वाफा

कणीस, तुमची आकडेमोड बरोबर आहे, पण ती दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देते. १०२४ मध्ये एक रोप तंतोतंत एफ१ सारखं मिळेल, मान्य. पण तंतोतंत एफ१ हवंय कुणाला? मला चवदार, भरपूर धरणारं आणि इथून पुढे स्थिर राहणारं झाड हवं आहे. टोमॅटो पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्याच परागावर जगणारं पीक आहे. शुद्ध ओळ झाली म्हणून तो मक्यासारखा खुरटत नाही. त्यामुळे एफ२ ची काही झाडं एफ१ च्या बरोबरीची निघतात, काही क्वचित वरचढही.

मक्याच्या सूत्रातलाही एक भाग तुम्ही सोडलात. १०० वरून ७० ही घसरण एकदाच होते. पुढे मोठ्या क्षेत्रात मोकळं परागीभवन होऊ दिलं तर एफ३ सुद्धा ७० च्या आसपासच राहतो. दर पिढीला तो खाली जातो, ५५ वर येतो, ते स्वपरागण केलं तर. आणि भागाकारात ओळींची संख्या आहे, म्हणून चार ओळींच्या संकरात त्याच आकड्यांनी घसरण फक्त १५. हेच तत्त्व धरून पैदासकार अनेक ओळी एकत्र करून सिंथेटिक वाणं बांधतात, ज्यांचं बी शेतकऱ्याने धरणं अपेक्षितच असतं.

टोमॅटोत एफ२ पासून वाण काढायची रीत अशी:

पहिल्या वर्षी एफ१ च्या निरोगी झाडाचं पूर्ण पिकलेलं फळ घ्यावं. बी गरासकट बरणीत काढून तेवढंच पाणी घालावं आणि सावलीत २ ते ३ दिवस आंबवावं. रोज ढवळावं. बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटलं की जड बी तळाशी बसतं. वरचा फेस आणि तरंगणारं बी ओतून द्यावं, उरलेलं चाळणीत धुवावं. ताटलीत पसरून वाळवावं, कागदावर नको, कारण चिकटतं. तिसऱ्या दिवसानंतर बरणी विसरली की बी आतच मोडायला लागतं, उगवण पडते. जिवाणूजन्य रोगाची शंका असेल तर ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २५ मिनिटं. तापमापी नसेल तर हा प्रयोग करूच नये, ५-६ अंश वर गेलं तरी बी मरतं.

एफ२ ची निदान ३० ते ५० रोपं लावावीत. पाचसहा रोपांतून निवड करणं म्हणजे निवड नव्हे. खूण गाठ बांधायची ती झाडाला, फळाला नाही: एकाच झाडाची सगळी फळं एका जनुकसंचाची असतात, त्यामुळे कमजोर झाडावरचं एकच मोठं फळ भुलवतं. उत्तम ३-४ झाडांचं बी वेगवेगळं ठेवावं, मिसळू नये. पुढच्या वर्षी प्रत्येकाच्या ८-१० रोपांची वेगळी ओळ. ज्या ओळीत रोपं एकमेकांसारखी आणि चांगली, ती पुढे न्यायची. दर पिढीला मिश्रपणा (एका जनुकाच्या दोन वेगळ्या प्रती असण्याचं प्रमाण) निम्मा होतो: एफ२ मध्ये ५० टक्के, एफ३ मध्ये २५, एफ४ मध्ये १२.५, एफ६ मध्ये जेमतेम ३. सहाव्या-सातव्या पिढीला वाण स्थिर झालं असं समजायला हरकत नाही.

रोगप्रतिकाराच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. निवड त्याच रोगट जमिनीत केली की प्रतिकार नसलेली रोपं आपोआप गळतात.

निंदणी

वाफा, टोमॅटोपर्यंत तुमच्याशी सहमत आहे. पण हा धागा वाचून कुणी भोपळा-झुकिनीचं बी धरेल, म्हणून एक धोका ठळकपणे सांगते.

झुकिनी, काही भोपळे आणि शोभेचे छोटे रंगीत भोपळे ही एकच प्रजाती आहे, कुकुर्बिटा पेपो. मधमाशी एका फुलावरून दुसऱ्यावर जाते आणि संकर होतो. या वर्षीच्या फळात काहीच कळत नाही, कारण गर आईचाच असतो. पुढच्या वर्षी त्या बियांच्या झाडाला जी फळं येतात त्यात कुकुर्बिटॅसिन असू शकतं. ते कडूजहर असतं आणि शिजवून जात नाही. उलट्या-जुलाबापासून गंभीर विषबाधेपर्यंत काहीही होऊ शकतं. घरच्या बियांच्या प्रत्येक झाडाच्या पहिल्या फळाचा नखाएवढा कच्चा तुकडा जिभेला लावून थुंकावा. कडू लागला तर ते झाड उपटावं. शेजारचं झाड गोड आहे यावर विसंबू नये.

बी धरायचंच असेल तर हातानं परागीभवन. दुसऱ्या दिवशी उमलणारी फुलं संध्याकाळी ओळखता येतात, कळीचं टोक पिवळं होतं. नर आणि मादी, दोन्ही कळ्या चिकटपट्टीने बंद करायच्या. सकाळी लवकर नर फूल तोडून पाकळ्या काढायच्या, मादी फूल उघडून परागकोष तिच्यावर नीट फिरवायचा. एका मादीला दोन-तीन नर वापरले तर फळ धरायची खात्री वाढते. मग मादी फूल परत बंद, देठाला दोरा. दहा वाजल्यानंतर हे करून उपयोग नाही, उन्हानं पराग निकामी होतो. फळ वेलीवर पूर्ण पिकू द्यायचं आणि तोडल्यावरही तीन-चार आठवडे तसंच ठेवून मग बी काढायचं.

मिरचीलाही 'स्वपरागी' म्हणून मोकळं सोडू नका. मधमाश्या तिथे बराच परपराग आणतात. फांदीवर पातळ कापडाची पिशवी बांधणं एवढं एक काम पुरतं.

पुंकेसर

अजून एका गोष्टीचा उल्लेखच झाला नाही, आणि माझ्या मते ती सर्वांत निर्णायक आहे. एफ१ बनवला कसा?

टोमॅटोत माणसं चिमट्याने काम करतात. कळी उमलायच्या आदल्या दिवशी, पाकळ्या फिक्या पिवळ्या असताना, मादी ओळीचे पुंकेसर काढतात आणि नंतर दुसऱ्या ओळीचा पराग लावतात. अशा संकरात पुढची पिढी पूर्ण सुपीक असते. पण कांद्याचं फूल इतकं बारीक की हे शक्यच नाही. तिथे नरवंध्य ओळ, म्हणजे सुपीक पराग न बनवणारी ओळ, वापरतात. हेन्री जोन्स यांना असं झाड १९२५ मध्ये कॅलिफोर्नियात कांद्याच्या पिकात सापडलं. हे वंध्यत्व पेशीद्रवातून (पेशीच्या केंद्रकाबाहेरच्या भागातून), म्हणजे फक्त आईकडून येतं. मका, सूर्यफूल, बाजरी यांत आपल्याला दाणे हवे असतात, म्हणून बापाच्या ओळीत सुपीकता परत आणणारा जनुक घालावा लागतो. कांद्यात, गाजरात, कोबी-ब्रोकोलीत आपण बी खातच नाही, त्यामुळे तसा जनुक घालायची गरज नसते. परिणामी बाजारातला एफ१ कांदा बहुधा स्वतःच नरवंध्य असतो.

वाफा, अशा कांद्याच्या दांड्यावर तुमची निवडीची सगळी रीत थांबते. एकटा असेल तर बी धरणार नाही. शेजारी दुसरा कांदा फुलला असेल तर त्याच्या परागाने बी धरेल, पण ते अर्धं परकं आणि बहुतेक पुन्हा नरवंध्य. तपासणी सोपी आहे: फुलं उमलल्यावर दांडा काळ्या कागदावर झटकावा. पिवळी धूळ पडली नाही आणि परागकोष सुकट, पारदर्शक दिसले तर त्या बियाण्यामागे वेळ घालवू नये. बिनबियांच्या कलिंगडाचा तर प्रश्नच नाही, ते ३३ गुणसूत्रांचं त्रिगुणित आहे, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असल्याने त्यात बी धरतच नाही.

या तंत्राने दुसरीकडे केवढं नुकसान केलं तेही सांगतो, कारण 'एफ१ म्हणजे सुरक्षित' हा कणीस यांचा सूर मला मान्य नाही. तुरे खुडायची मजुरी वाचावी म्हणून अमेरिकेत मक्यासाठी नरवंध्यत्व देणारा टेक्सास पेशीद्रव वापरायला लागले. १९७० पर्यंत तिथल्या सुमारे ८५ टक्के मक्यात तोच होता. पानांवरच्या करप्याची एक नवी जात नेमकी त्याच पेशीद्रवावर तुटून पडली आणि त्या एका हंगामात देशाचं सुमारे १५ टक्के मक्याचं पीक गेलं. त्यानंतर बियाणे उत्पादक पुन्हा तुरे खुडण्याकडे वळले.

कणीस

१९७० चं उदाहरण रास्त आहे. पण तो दोष एकच पेशीद्रव सगळीकडे वापरल्याचा. एकाच सरळ वाणाखाली तेवढं क्षेत्र आणलं असतं तरी हेच झालं असतं.

वाफा यांच्या निवडीच्या रीतीला माझा विरोध नाही, जागेला आहे. सहा-सात पिढ्या म्हणजे वर्षाला एक हंगाम असेल तर सहा-सात वर्षं. एफ२ ची ५० रोपं एका वाफ्यात लावणं वेगळं आणि ज्यावर वर्षाचं पोट आहे त्या क्षेत्रात लावणं वेगळं. तुमच्या पहिल्या मजकुरात हा फरक कुठेच नव्हता. मक्यात तर घरचं बी धरायचं ठरवलं तरी निदान १५०-२०० झाडांचं मिसळून धरावं लागतं, नाहीतर निकट पैदाशीने पीक खुरटतं. आणि दुसऱ्या मक्यापासून २०० मीटर अंतर. छोट्या शेतात हे अंतर मिळत नाही. मग पेरणीत तीन-चार आठवड्यांचा फरक ठेवायचा, म्हणजे शेजाऱ्याचा तुरा झडेपर्यंत आपले केस बाहेर येत नाहीत.

वाफा

जागेचा मुद्दा मान्य. मुख्य पीक एफ१ किंवा स्थिर वाणाचं, आणि एफ२ ची निवड बाजूच्या वाफ्यात, असं वाचावं. पुंकेसर यांचा मुद्दाही जोडून घेतो: कांदा, गाजर, कोबीवर्ग असेल तर आधी पराग तपासा. एफ१ चं बी 'जरूर धरावं' हे मात्र टोमॅटो, वाटाणा, घेवडा आणि पिशवी बांधलेली मिरची-वांगी यांच्यासाठी मी मागे घेणार नाही.

कणीस

मग पाकिटावर तीन गोष्टी छापल्या पाहिजेत: एफ१ आहे की स्थिर वाण, नरवंध्य ओळ वापरली का, आणि रोगप्रतिकार दोन्ही आईबापांकडून आलाय की एकाकडून. बियाणे उत्पादकाला हे तिन्ही माहीत असतं. ते छापलेलं नसेल तोवर नवख्या माणसाला मी हेच सांगेन की बी स्थिर वाणाचंच धरा.