मदत हवी आहे: बोटीच्या फिक्स टाकीतलं जुनं पेट्रोल कसं काढायचं?

मालवणला मामांची छोटी फायबरची बोट आहे, आउटबोर्ड इंजिनाची. मामांच्या आजारपणामुळे गेल्या पावसाळ्याआधीपासून शेडमध्येच उभी आहे. अ‍ॅल्युमिनियमची टाकी डेकखाली पक्की बसवलेली, तळाला ड्रेन प्लग नाही.

झाकण उघडलं की वॉर्निशसारखा उग्र वास येतो. थोडं काचेच्या बाटलीत काढून ठेवलं, तर वर गडद पिवळं पेट्रोल आणि खाली गढूळ थर. ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि पाणी वाढलं की त्याच्यासकट तळाशी बसतं. त्यामुळे वरून नवीन पेट्रोल ओतून चालवणं मला पटत नाही.

इंजिनाकडे जाणारी नळी तळापर्यंत पोचत नाही, भरायच्या तोंडाला वळण असल्याने पाइपही अडकतो. गेजचा सेन्डर (टाकीत बसवलेला, पेट्रोलची पातळी मोजणारा भाग) काढून त्या भोकातून हातपंपाने उपसलं तर तळ साफ होईल का? साधा इलेक्ट्रिक पंप ठिणगीच्या भीतीने नकोच. कॅन आणि टाकी वायरने जोडून अर्थिंग करणं पुरेसं आहे का?

काढलेलं पेट्रोल कुठे द्यायचं? खाडीत एक थेंबही जाऊ द्यायचा नाही. सिंधुदुर्गात कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा.