विनोद 'लागतो' का?

प्रूफवाली: मेंदूला विनोद कसा समजतो, यावरचा एक लेख मासिकासाठी अनुवादित करतेय. त्यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या आहेत: विनोद डोक्यात शिरणं आणि त्याची मजा वाटणं. पहिलीसाठी मी 'विनोद लागणे' लिहिलं. संपादकांनी लाल रेघ मारली, "विनोद लागत नाही, टोमणा लागतो." आमची गिरगावातली आजी सर्रास म्हणायची, "तुला लागला नाही वाटतं विनोद!" आणखी कुणी ऐकलंय का?

लालबागकर: नाही बुवा. आमच्याकडे ट्यूब पेटते.

मुलुंडची माई: अर्थ लागतो, डॉक्टरचं अक्षर लागत नाही, मग विनोदानंच काय घोडं मारलंय? आजींचं बरोबर.

शुद्धमती: 'उमगणे' असताना हे कशाला? 'लागणे'ला आधीच ढीगभर कामं आहेत. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो. शास्त्रीय लेखात संदिग्धता नको.

तिरकस: संदिग्धता नको तर विनोदावर लेख कशाला? सीएसएमटीला धावत शिरलो, एका काकांना विचारलं, "ठाण्याची गाडी लागली का?" काका शांतपणे, "छे! मला फक्त एसटी लागते." मला कळेपर्यंत गाडी सुटली होती.

प्रूफवाली: हे लेखात हवं होतं! 2001 साली गोएल आणि डोलन या संशोधकांनी लोकांना एफएमआरआय यंत्रात, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या यंत्रात, झोपवून विनोद ऐकवले. अर्थावरच्या विनोदांत कानशिलाच्या मागचा भाग दोन्ही बाजूंना जागा झाला. शब्दांवरच्या कोट्यांत मात्र डाव्या मेंदूतला, उच्चार जुळवणारा भाग. आणि मजा वाटण्याची जागा तिसरीच, कपाळामागे, मधोमध आणि खालच्या अंगाला. विनोद कुठल्याही जातीचा असो, तो जितका आवडला तितकी ती जागा जास्त चेतली.

निवृत्त मास्तर: हे आमच्या संस्कृत काव्यशास्त्रातल्या मम्मटाचंच. प्रतिशब्द घातल्यावर मोडतो तो शब्दश्लेष, टिकतो तो अर्थश्लेष. "गाडी आली का?" विचारा, काकांचा विनोद मेला. श्लेष हा 'श्लिष्' धातूपासून, म्हणजे मिठी मारणे. दोन अर्थ एकाच शब्दाला बिलगलेले.

लालबागकर: आलं! सगळं आपल्याकडे आधीच होतं. मास्तर, मम्मटानं वर्गवारी केली, मेंदूतली जागा नाही सांगितली.

निवृत्त मास्तर: जागा विचारली कुणी होती?

मुलुंडची माई: आमच्या यजमानांना मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला होता. बोलणं शाबूत, पण विनोद सांगितला की नुसतं बघत राहायचे. त्याचं काही आहे का लेखात?

प्रूफवाली: आहे, माई. 1983 मधला ब्राउनेल आणि सहकाऱ्यांचा प्रयोग. उजव्या मेंदूला इजा झालेल्यांना विनोदाचा शेवट निवडायला दिला. शेवट अनपेक्षित हवा, हे त्यांना कळत होतं, पण मागच्या गोष्टीशी न जुळणारे शेवटही ते निवडायचे. धक्का कळतो, सांधा लागत नाही. बघा, इथंही 'लागत नाही' असंच लिहिलं गेलं माझ्याकडून.

शुद्धमती: 'सांधा जुळत नाही' म्हणा.

तिरकस: सांधा जुळूनही मजा येत नाही, तो पीजे. म्हणजे पांचट जोक.

लालबागकर: पीजे म्हणजे पुअर जोक! आमच्या कॉलेजात सगळे तेच म्हणायचे.

तिरकस: तुमचं कॉलेज इंग्रजी असेल. रुपारेलच्या कट्ट्यावर पांचटच.

निवृत्त मास्तर: मूळ शब्द पाणचट. पाणी जास्त झालेलं.

लालबागकर: मग 'पाणचट' कढीला म्हणतात आणि 'पांचट' फक्त माणसाला, असं का?

मुलुंडची माई: आम्ही कढीलाही पांचटच म्हणतो.

शुद्धमती: कढी पातळ असते. पाणचट ताक.

प्रूफवाली: मंडळी, मला उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. 'लागणे' ठेवू की काढू?

तिरकस: ताकात पाणी नेमकं किती घातलं की ते पाणचट होतं?